भिंतीवरची बुरशी

मुंबईत किंवा कोकणात घर विकत घ्यायचे असेल, तर ते भर पावसाळ्यात पाहावे. मे महिन्यात नुकताच रंग दिलेली भिंत फारसे काही सांगत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. भिंतीवरची धूळ आणि रंगातले सेंद्रिय पदार्थ एवढे अन्न त्यांना पुरते. उणीव असते ती पाण्याची. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून किंवा गच्चीच्या भेगेतून पाणी झिरपू लागले, की थोड्याच दिवसांत ते रुजतात. गळती नसली तरी कपाटामागच्या, वारा न लागणाऱ्या गार भिंतीला लागून हवा इतकी दमट होते, की तेवढ्यावरही बुरशी धरते.

काळी बुरशी म्हणजे विषारीच, हा समज मात्र चुकीचा आहे. रंगावरून तसे ठरत नाही. पण ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, दमा अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. मेलेल्या बीजाणूंचीही अ‍ॅलर्जी होते, म्हणून बुरशी मारून वर रंग फासणे हा उपाय नव्हे. आधी पाणी कोठून येते ते शोधायला हवे. घर पाहताना कपाट सरकवायला सांगा, सिंकखाली वाकून वास घ्या. घरमालक नाराज होईल, होऊ द्या.