खिडकी आणि वेग

घरी ब्रॉडबँडची मोठी जोडणी घेऊनही दूरदेशीची माहिती कधी कधी संथ का येते? संगणक माहिती लहान पुडक्यांनी पाठवितात व मिळालेल्या पुडक्यांची पोच धाडतात. पोच येण्यापूर्वी जास्तीत जास्त किती माहिती पाठविता येईल, त्या मर्यादेस ‘विंडो’, म्हणजे खिडकी, म्हणतात. टीसीपी या मूळ नियमावलीत ती ६५,५३५ बाइटांची होती. पोच परतण्यास एक पंचमांश सेकंद लागल्यास सेकंदास पाचच खिडक्या, म्हणजे सुमारे २६ लाख बिट, येतात. मग वाहिनी दहा कोटी बिटांची का असेना! १९९२ च्या सुधारित नियमांनी ‘विंडो स्केलिंग’द्वारे खिडकी रुंदाविली. आजचे संगणक ती सोय आपोआप वापरतात. म्हणून अधिक पैसे भरण्यापूर्वी ती बंद केलेली नाही ना, हे प्रथम पाहावे.