पुढची स्प्रिंग बदलताना

आधी गाडीखाली वाकून पाहा. होटगी जंक्शनच्या मालधक्क्यापासून बाजारापर्यंत धावणाऱ्या कित्येक पिकअपना पुढेही पाट्यांच्या स्प्रिंगच असतात. गुंडाळी स्प्रिंग सापडते ती सुपर कॅरी किंवा इसुझू डी-मॅक्ससारख्या गाड्यांत; पुढची कृती तिच्यासाठी.

जॅक काळ्या मातीत लावू नका. भाराने तो खचतो. टणक, सपाट जागा हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि चासीखाली स्टँड लावायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

खरा धोका दाबलेल्या स्प्रिंगमध्ये असतो. २० सेंटिमीटर दबून ८०० किलोचा रेटा देणाऱ्या स्प्रिंगमध्ये साधारण ८०० ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. ८० किलोचा माणूस मीटरभर वर उचलायला लागते तेवढी. म्हणून स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग धरणाऱ्या दांड्याचा, वरचा नट स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावण्याआधी कधीच सोडायचा नाही. कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर बसवून आळीपाळीने थोडे थोडे पिळा. इथे इम्पॅक्ट गन नको, घाई तर नकोच. तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका.

तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करून देणारे भेटतात; त्यांना नमस्कार करून पुढे जा, कारण उष्णतेने पोलादाचा कस जातो. स्प्रिंग जोडीनेच बदला, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळा, मग अलाइनमेंट करून घ्या.