फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे कोण भरतो?

एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या फुकट सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघडकीला आली. निम्मं इंटरनेट ज्याच्या भरवशावर चालत होतं, त्या प्रकल्पाला तेव्हा वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. अशा प्रकल्पांना पैसे पुरवण्याचे कंपन्यांपुढचे आजचे मार्ग :

● पगार : प्रकल्पाचं काम करणारे प्रोग्रॅमर नोकरीवर ठेवणं. लिनक्स कर्नलचं बहुतेक काम असंच होतं.

● सपोर्ट करार : देणगीपेक्षा बिल मंजूर करणं अकाउंट्स विभागाला सोपं जातं. डेटाची ने-आण करणाऱ्या ‘कर्ल’ या सॉफ्टवेअरचा सपोर्ट वुल्फएसएसएल ही कंपनी असाच विकते.

● प्रायोजकत्व : गिटहब स्पॉन्सर्स (२०१९ पासून) किंवा ओपन कलेक्टिव्हमार्फत दरमहा ठरावीक रक्कम.

● माणशी हिशेब : ‘ओपन सोर्स प्लेज’मध्ये (२०२४) सामील कंपन्या आपल्या दर डेव्हलपरमागे वर्षाला किमान २,००० डॉलर देतात.

● स्वतंत्र निधी : बंगळुरूच्या झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा ‘फ्लॉस/फंड’ जाहीर केला. एका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलर मिळू शकतात. अर्जदाराने ‘फंडिंग डॉट जेसन’ नावाच्या फाइलीत किती पैसे हवेत आणि कशासाठी, हे जाहीरपणे मांडायचं.