झाडूची मान

घरगुती उपयोगाच्या एखाद्या यंत्राचा परिचय दिल्लीहून लिहून पाठवावा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा धुलाईयंत्र असावे. मी मात्र त्या पत्राचा थोडा सोयीस्कर अर्थ लावून झाडू निवडला. झाडूला यंत्र म्हणावे की नाही याविषयी मतभेद संभवतो. परंतु ज्या वस्तूत कित्येक लवचीक काड्या एकाच बंधनात आवळलेल्या असतात, प्रत्येक फटक्यासरशी वाकतात, पुन्हा सरळ होतात आणि तरीही महिनोन्‌महिने एकमेकींची संगत सोडत नाहीत, त्या वस्तूला केवळ ती स्वस्त आहे म्हणून यंत्रांच्या पंक्तीतून उठवणे मला न्यायाचे वाटत नाही. शिवाय दिल्लीपासून नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्रामपर्यंत पसरलेल्या या राजधानी परिसरात चुली बदलल्या, दिवे बदलले, जिने जाऊन उद्वाहक आले. घर झाडणाऱ्या बाईचे ओणवे होणे तेवढे कायम राहिले. ते का राहिले असावे, एवढीच या लेखाची जिज्ञासा आहे.

सरकारदरबारी पाहू गेल्यास दिल्लीत झाडूचा इतिहास मोठा सन्मानाचा आहे. मंदिर मार्गावरील वाल्मीकी मंदिराच्या आवारात १ एप्रिल १९४६ ते १० जून १९४७ या काळात गांधीजींचा वेळोवेळी मुक्काम असे. त्याच वाल्मीकी वस्तीत २ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी झाडू हाती घेऊन स्वच्छ भारत अभियानाचा प्रारंभ केला. आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, २०१५ च्या फेब्रुवारीत, झाडू हेच चिन्ह असलेल्या पक्षाने दिल्ली विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा जिंकल्या. एवढा राजाश्रय लाभलेले दुसरे घरगुती अवजार मला आठवत नाही. तथापि अलीकडच्या या समारंभांत झाडू उचलला गेला तो चिन्ह म्हणून, आणि चिन्हाची मूठ हाताला कशी लागते याची चौकशी कोणी करीत नसते. दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनाला उभे राहणाऱ्या गाडगेबाबांचा खराटा खरोखर झिजत असे. तो प्रकार निराळा.

आता मूळ जिनसाकडे वळू. मराठी घराला झाडू म्हणजे एक वस्तू नव्हे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. शिंदीच्या वाळलेल्या पानांची, मुख्यतः मातंग समाजाच्या हातांनी बांधली जाणारी आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून पूजिली जाणारी केरसुणी घरातली. माडाच्या हिरांचा खराटा अंगणातला, मोरीतला. उत्तरेतही हा भेद आहे आणि तो चांगला काटेकोर आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी जोधपूरजवळ मोकलावास येथे ‘अरणा-झरणा’ नावाचे जे वाळवंट-संग्रहालय उभारले, त्याच्या मध्यभागी राजवाड्याची तलवार नसून झाडू आहे. कोणते गवत कोणत्या मुलखात उगवते, कोणती जात ते बांधते, घरातील मऊ ‘बुहारी’ आणि बाहेरचा राठ ‘बुहारा’ यांत अंतर का, अशा प्रश्नांतून तेथे सबंध मरुभूमीचा परिचय घडवला जातो. २००४ मध्ये कोठारी निवर्तले. दिल्लीत इतकी संग्रहालये असताना यासाठी जोधपूरला जावे लागते, ही गोष्ट मला किंचित खटकते.

दिल्लीच्या घरांत मात्र आज मुख्य मान फूलझाडूचा. त्याचे गवत मेघालय, आसामच्या कार्बी आंगलाँगकडील डोंगरउतारांवर वाढते. हिवाळा सरता सरता त्याचे तुरे काढतात, उन्हात वाळवतात आणि भारे बांधून देशभर रवाना करतात. सदर बाजाराच्या एका अरुंद गाळ्याबाहेर असे भारे सोडून झाडू बांधीत बसलेला एक प्रौढ कारागीर मी बराच वेळ पाहत उभा होतो. तो तुरे जमिनीवर झटकी, सुटलेला भुसा पायाने बाजूला सारी, आखूड काड्या बाहेर व लांब काड्या आत अशी निवड नुसत्या बोटांनी करी, आणि मग सर्व देठ एका मुठीत धरून त्यांच्यावर तार अशी ताणून आवळी की देठांचा बारीक करकर आवाज ऐकू येई. एवढ्याने झाडू झाला असे मला वाटले. पण खरे काम पुढेच होते. देठांच्या बुंध्याच्या मधोमध त्याने बांबूची एक निमुळती पाचर ठेवली आणि हातोडीच्या चार ठोक्यांत ती आत बसवली. वरून तार आवळते, आतून पाचर फुगवते, आणि या दोन परस्परविरोधी बळांच्या मध्ये सापडलेल्या काडीला हलायला वावच राहत नाही. गोंद नाही, खिळा नाही. पाचर कशाला, असे विचारल्यावर त्याने उत्तरादाखल पाचर न मारलेला एक झाडू माझ्या हाती दिला आणि एक काडी ओढायला सांगितले. ती सहज निघाली.

खराट्याची युक्ती याहूनही सुरेख आहे. हीर बुंध्याकडे जाड व शेंड्याकडे निमुळता असतो. वापरता वापरता खराटा सैल झाला की घरातली बाई त्याचा बुंधा जमिनीवर दोनदा आपटते. हीर जागच्या जागी थबकतात, बंधन मात्र आपल्या वेगाने खाली, म्हणजे जाड भागाकडे, सरकते आणि खराटा पुन्हा आवळला जातो. स्वतःची दुरुस्ती स्वतःच्याच बेढबपणातून करणारे यंत्र अभियांत्रिकीच्या शाळेत शिकवतात की नाही, मला माहीत नाही, शिकवले पाहिजे.

हे सर्व ऐकून कोणीही चांगल्या मनाचा गृहस्थ म्हणेल की, मग अडचण कोठे आहे? झाडूला लांब दांडा बसवा, म्हणजे बाईला वाकावे लागणार नाही. रस्ता झाडणारे सफाई कामगार बांबूच्या लांब दांड्याला काड्या बांधून उभ्यानेच झाडतात. घरातच हे का होऊ नये? हा प्रश्न मला फार सोपा वाटला होता, आणि त्याच्या पोटात शिरल्यावर जी गोष्ट सापडली तीच या लेखाचा नायक आहे: झाडूची मान, म्हणजे जेथे दांडा संपतो आणि तुरा सुरू होतो तो सांधा.

थोडे गणित करू. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. उभे राहिल्यास तिचे कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येते, आणि दोन्ही हातांनी धरायच्या दांड्याची वरची पकड त्याच्या किंचित खाली, ९० सेंटिमीटरच्या आसपास, असावी म्हणजे पाठ ताठ राहते. आता बारीक धूळ ओढायची तर तुरा फरशीवर बऱ्यापैकी आडवा, म्हणजे फरशीशी ३० अंशांच्या आतबाहेर कोन करून, टेकला पाहिजे. तसा टेकला तरच त्याची संपूर्ण कड कामाला लागते. सरळ दांड्याने हे दोन्ही साधायचे, तर झाडूची लांबी १८० सेंटिमीटर होते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत असा झाडू फिरवणारी बाई केर काढण्यापेक्षा कपाटांशी अधिक झुंजेल. लांबी आवरती घेऊन १०५ सेंटिमीटरवर आणली, तर दांडा ६० अंशांत उभा राहतो. पाठ सुखावते, पण तुरा आपल्या टोकांवर उभा राहतो, टोके वाकून सुटतात आणि धूळ पुढे सरकण्याऐवजी हवेत उडते. आखूड केरसुणी घेऊन ओणवी झालेली बाई अडाणीपणाने ओणवी होत नाही. तुरा आडवा पाडण्यासाठी लागणारा कोन ती स्वतःच्या कंबरेतून पुरवीत असते. झाडूला जी मान नाही, ती तिच्या पाठीच्या कण्याने भरून काढावी लागते. रस्त्यावरचा कचरा पाने, कागद, खडे असा जाडाभरडा असतो, म्हणून तेथे उभा तुरा चालतो. घरातली दिल्लीची धूळ ही वैशाख-ज्येष्ठातल्या आंधीबरोबर आलेली, पिठाहून बारीक अशी वस्तू आहे.

म्हणजे दांडा ६० अंशांत आणि तुरा ३० अंशांत, मध्ये मान वाकलेली, अशी रचना हवी. पश्चिमेत याच्या जवळचे काम पूर्वी होऊन गेले आहे. अमेरिकेत १७९८ च्या सुमारास शेकर पंथाच्या थिओडोर बेट्स याने तोवरच्या गोल झाडूला दाबून, शिवून चपटा केला, आणि रुंद कडेचा, लांब दांड्याचा झाडू तेथे रूढ झाला. परंतु तो ताठ ज्वारीवर्गी गवताचा, लाकडी फळ्यांच्या जमिनीसाठी. आपल्या गुळगुळीत फरशीवर तो बारीक धुळीच्या रेघा मागे ठेवतो.

आणि येथून संकटांची मालिका सुरू होते. मान कायमची वाकवली, तर तोच झाडू पलंगाखाली जाईना. कारण एक फूट उंचीच्या फटीत दांडा जवळजवळ आडवा करावा लागतो आणि तेव्हा वाकलेल्या मानेमुळे तुऱ्याची कड जमिनीपासून सुटते. म्हणून मानेत बिजागरी घालावी, तर तिच्यात केस आणि दोरे अडकतात, खिळ्याचे भोक रुंदावते आणि काही दिवसांत झाडू दारुड्यासारखी मान टाकतो. शिवाय लांब दांडा ही एक तरफ आहे. तिच्या टोकाला दिलेला लहानसा झटका मानेवर कितीतरी पट होऊन पोचतो, आणि त्या कारागिराने तार व पाचर यांच्यात साधलेला समतोल नेमका तेथेच मोडतो. बुंधा आपटून घट्ट करण्याची जुनी सोयही जाते, कारण आता बुंध्याच्या जागी दांडा आहे.

बहुगुणी झाडूची गोष्ट तर आणखी कठीण. एकाच झाडूने फरशीही झाडावी, मोरीही घासावी, जळमटेही काढावीत, ही मागणी वाजवी वाटते. परंतु काडीचा ताठपणा मोठा हट्टी असतो. काडीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळा पटींनी वाढतो, लांबी दुप्पट केली तर तो एक अष्टमांशावर येतो. मोरीला लागणारी काडी आणि धुळीला लागणारी काडी यांच्यात तडजोडीचा मध्यम मार्ग काढला, तर हाती येणारी वस्तू दोन्ही कामे वाईट करते. फूलझाडू पाण्यात भिजला की कुजतो, ते वेगळेच. तीन झाडू ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना पसारा आवडत होता म्हणून त्या तीन ठेवीत नव्हत्या. झाडू उभा ठेवू नये, आडवा ठेवावा, हा त्यांचा दंडकही लक्ष्मीच्या मर्यादेपुरता समजण्याचे कारण नाही. तुऱ्यावर उभा ठेवलेला झाडू आठवड्याभरात एका अंगाला वाकतो.

प्लास्टिकच्या तंतूंचे झाडू बाजारात आले आहेत, त्यांतून भुसा गळत नाही, पाणी लागले तरी बिघडत नाही, आणि त्यांतील काहींना वाकलेली मानही आहे. ते वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. पण वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या करमुक्त जिनसांच्या फेरिस्तीत सरकंड्याच्या मुढ्यांशेजारी ‘फूल बहारी झाडू’ हे नाव लिहिलेले आहे. प्लास्टिकला तो आसरा नाही. त्या एका ओळीवर डोंगरातल्या गवत कापणाऱ्यापासून सदर बाजारातल्या पाचर ठोकणाऱ्यापर्यंत पुष्कळांचा चरितार्थ टेकलेला असल्यामुळे, नव्या झाडूची तजवीज गवत राखूनच झाली पाहिजे, असे माझे मत आहे.

याहून अवघड गाठ मानेची नव्हे, हिशेबाची आहे. राजधानीच्या सदनिकांत ‘झाडू-पोछा’ हे एकत्र उच्चारले जाणारे, एकत्र मोबदला ठरणारे काम आहे, आणि ते करणारी बाई सकाळभरात अनेक घरी ओणवी होते. झाडू विकत घेणारा हात वेगळा, वाकणारी कंबर वेगळी. घर म्हणजे कायद्यातला कारखाना नव्हे, त्यामुळे तेथील अवजार कामगाराच्या अंगाला साजेसे आहे की नाही हे पाहण्यास कोणी निरीक्षक येत नाही. घरकामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ मध्ये केलेला १८९ क्रमांकाचा करारही भारताने मान्य केलेला नाही. सिकंदरा मार्गावर १९३२ पासून लेडी आयर्विन महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवले जाते. देशातील कृषी विद्यापीठांच्या गृहविज्ञान शाखांनी, त्यांत आपले परभणीही आले, स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर वर्षानुवर्षे परिश्रम केले आहेत. ज्ञानाचा तुटवडा फारसा नाही. परंतु ज्या मालकिणीची स्वतःची पाठ दुखत नाही, तिला वाकलेल्या मानेसाठी दुप्पट किंमत मोजण्याचे कारण सापडत नाही, आणि जिची दुखते तिला दुकानात कोणी विचारीत नाही. अशा बाजारात उत्तम नमुनाही फळीवर पडून राहतो.

तेव्हा दिल्लीकर मराठी वाचकांना एक विनंती करतो. इकडे धनत्रयोदशीला नवा झाडू घेण्याची रीत आहे आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणी लागतेच. यंदा त्या खरेदीला आपल्या घरी केर काढणाऱ्या बाईंना बरोबर न्यावे, निरनिराळ्या लांबीचे झाडू त्यांच्या हाती देऊन दुकानाच्या फरशीवर फिरवून पाहू द्यावेत, त्या पसंत करतील तो घ्यावा, आणि घरात झाडणारी माणसे दोन उंचींची असतील तर झाडूही दोन घ्यावेत.