तान्ह्या बाळाचा ताप : रात्रीच निघायचे की सकाळी?



या पानावर एरवी आम्ही लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि पाणीपाळी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा घेतला आहे, त्याला कारण गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या घरी घडलेली हकीगत. पौषातली रात्र. घरात चाळीस दिवसांची नात. दुपारपासून बाळ अंगावर पिईना, तिन्हीसांजेला अंग तापले. आजी म्हणाली, “शेकशेगडीनं अंग गरम लागतंय. मीठ-मोहरी उतरवून टाका, सकाळी बघू.” सून मात्र अडून बसली. आशाताईंकडून थर्मामीटर आणला, तर काखेत १०१. रात्री अकराला जीप काढली. सूनबाईंचे खरे होते. बाळाच्या लघवीत जंतू झाले होते आणि ते रक्तात उतरले होते. दहा दिवस सलाईनमधून औषध चालले, आणि नात घरी आली.

सकाळपर्यंत थांबले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण थांबू नये, एवढे नक्की. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पूर्णांक ४ दशांश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, की ती रात्रीच निघण्याची गोष्ट आहे. मग बाळ वरवर चांगले का दिसेना. मोठ्या माणसाला जंतूची बाधा झाली की तो सांगतो, कुठे दुखते ते दाखवतो. तान्ह्याच्या अंगात प्रतिकाराची ताकद अजून पुरती आलेली नसते, आणि पुष्कळदा ताप हे एवढे एकच लक्षण असते. अशा तापाची दहा बाळे आली तर साधारण एखाद्याला गंभीर जंतुसंसर्ग निघतो, त्यातही लघवीचा जास्त. नऊ जण साध्या तापाचे असतात हे खरे, पण दहावे कोणते हे तपासल्यावाचून डॉक्टरांनाही कळत नाही, मग आपल्याला घरी बसून कसे कळणार? तोडलेला ऊस फडात पडून राहिला की तासातासाने उतारा घसरतो, हे आपणांस सांगायला नको. लहानग्याचा आजार याहून वेगाने चढतो.

ताप हात लावून ठरवू नये. शंभर-दोनशे रुपयांचा आकडे दाखवणारा थर्मामीटर घरात असावा. बाळ दुपट्यात, गोधडीत गुंडाळलेले असेल तर आधी मोकळे करावे, दहा-पंधरा मिनिटांनी काख कोरडी करून थर्मामीटर लावावा आणि आवाज होईपर्यंत दंड अंगाशी दाबून धरावा. काखेतला आकडा खऱ्या तापापेक्षा थोडा कमीच येतो. म्हणून ९९.५ च्या वर आकडा आणि बाळ मलूल किंवा पीत नाही, एवढे दिसले तरी निघावे. उलटही लक्षात ठेवा : तान्हे बाळ गार पडले, आकडा ९५.९ च्या खाली गेला, तर तेही तितकेच वाईट. दीड महिन्याच्या लसीनंतर एक-दोन दिवस अंग तापते हे खरे, त्यासाठी नर्सबाईंनी सांगितलेले औषध द्यावे. पण बाळ ओढेना किंवा ताप दोन दिवसांनंतरही राहिला, तर तो लसीवर ढकलू नका. बाकी एवढ्या लहान बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाचे औषध पाजून वाट पाहू नये. आकडा उतरतो आणि आजार आतल्या आत राहतो.

आता दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, ज्याला आपण कॅज्युअल्टी म्हणतो तिथे, काय होते ते सविस्तर सांगतो, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो. आधी वजन करतात, ताप पाहतात, पायाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात. मग रक्त घेतात. ते दोन-तीन मिलीलिटर असते, चहाच्या चमच्यापेक्षा कमी. “एवढ्याशा लेकराचं किती रक्त काढलं” म्हणून भांडण काढू नये. लघवी नळीने घेतात, कारण पिशवी बांधून घेतलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात. पुढे पाठीतले पाणी काढण्याविषयी विचारतात, आणि इथे सगळे घर अडते.

वरच्या हकीगतीतल्या आजोबांनीही हात जोडून “ते तेवढं नको, पोरीचा पाय जाईल” असे म्हटले. ही भीती आमच्या भागात सगळीकडे आहे. डॉक्टरांनी त्यांना समजावले ते असे : मेंदूतून येणारा मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली, नुसत्या पाण्याच्या जागी घालतात. त्यात पाय जात नाही. मेंदूच्या आवरणाला बाधा झाली आहे का, हे तान्ह्या बाळात मान ताठ होऊन कळत नाही, ते याच पाण्यावरून कळते. पाणी स्वच्छ निघाले तर औषध थोड्या दिवसांत संपते, नाही तर तीन आठवडेही चालवावे लागते. तासाभराने बाळाच्या वडिलांनी सही केली. पाणी स्वच्छ निघाले. पण औषध तेवढा एक तास उशिरा गेले, ही गोष्ट आम्हाला खटकते.

दुसरे अडणे दुसऱ्या दिवशी होते. ताप उतरतो, बाळ दूध पिते, आणि इकडे पाण्याची पाळी आलेली असते. “आता बरी आहे, नेऊ का?” रक्त जंतू वाढवण्यासाठी ठेवलेले असते, त्याचा निकाल यायला साधारण दोन दिवस लागतात. तोवर बाळ हलवू नये. पाणी शेजाऱ्याला धरायला सांगावे.

तीन महिन्यांच्या पुढच्या मुलात आकड्यापेक्षा मूल पाहावे. १०३ ताप असूनही ताप उतरल्यावर खेळत असेल, पीत असेल, तर सकाळी दाखवले तरी चालते. पण काहीच पीत नाही, प्यायलेले सगळे उलटते, झोपेतून नीट उठत नाही, झटका आला, टाळू फुगली, सहा-आठ तास लघवी नाही, अंगावर दाबूनही न जाणारे लाल ठिपके आले, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्रीच निघावे. श्वास पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे चाळीस किंवा जास्त भरला, किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तरीही थांबू नये.

पॅरासिटामॉल वजनावर द्यावे, किलोला १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोटाळा बाटलीत आहे. पाच मिलीत १२५ असलेले सिरप मिळते, २५० चेही मिळते, आणि थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलीत १०० असतात. आठ किलोच्या मुलाला पहिले सुमारे पाच मिली, दुसरे अडीच, आणि थेंबांचे सव्वा मिलीहून थोडे कमी. फवारणीचे औषध आपण डब्यावर वाचून घेतो, इथे तर वाचलेच पाहिजे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. नायमेसुलाईड बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ सालापासून बंद आहे, जुनी बाटली घरात असेल तर टाकून द्यावी. बर्फाचे पाणी, स्पिरिट अंगाला लावू नये. पोटावर चटके देण्याबद्दल तर लिहायचीही लाज वाटते.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. कांदा, चप्पल नाकाशी धरू नये, दातांत चमचा घालू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत असे झटके येतात आणि बहुतेक आपोआप थांबतात. पाच मिनिटांत थांबला नाही तर धावपळ करावी. थांबला तरी त्या दिवशी दाखवून यावे.

कुठे जायचे हे आजच ठरवून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला उपचार होतो, पण तान्ह्या बाळासाठी बालरोगतज्ज्ञ असलेले उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय बरे. अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळासाठी जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंचा वेगळा कक्ष असतो. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, तपासण्या आणि ने-आण सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. ते मागून घ्यावे, त्यात संकोच कसला? दारात गाडी असेल तर वाट पाहत बसू नये. मात्र बाळ निळे पडले, धाप लागली किंवा झटका थांबेना, तर १०८ लावावा. २०१४ पासून ही गाडी आपल्याकडे आहे, तिच्यात डॉक्टर आणि प्राणवायू असतो. गावाबरोबर वस्तीचे नाव आणि जवळची खूण सांगावी. नुसते “मळ्यात या” म्हटल्याने गाडी रात्री कालव्यावर फिरत राहते. सोबत लसीचे कार्ड, दिलेल्या औषधाची बाटली, दोन दुपटी आणि बाळाची आई, एवढे हवे. आई घरी आणि पाच पुरुष जीपमध्ये, असेही आम्ही पाहिले आहे.

हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. हॉर्न वाजवून, उतरून, ड्रायव्हरला सांगून वाट मागावी, मागितली की ते देतात. उसाची गाडी पाव तास मागे राहिली म्हणून वजनकाट्यावर काही कमी भरत नाही.