बार्शीचे मेहबूब, महाराष्ट्राचे अमर शेख

शाहीर अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे झाला. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शी तेव्हा इंग्रजी मुलखात होती, तर बालाघाटावरचं धाराशिव आणि त्याच्या परिसरातली बेंबळीसारखी गावं निजामाच्या राज्यात होती. राज्यं दोन असली, तरी दोन्हीकडची बोली, बाजार आणि गाणी एकमेकांत मिसळलेली होती. घरची अत्यंत गरिबी. आई मुनेरबी यांच्या तोंडून ऐकलेली लोकगीतं हीच या मुलाची संगीताची पहिली शाळा. पुढे हजारोंच्या सभा गाजवणाऱ्या या गळ्याला कुठल्याही उस्तादाची तालीम मिळालेली नव्हती.

पोट भरण्यासाठी मेहबूब यांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, नंतर बार्शीच्या गिरणीत ते कामगार झाले. १९३०-३२च्या स्वातंत्र्यचळवळीत त्यांनी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच उडी घेतली. पुढे विसापूरच्या तुरुंगात त्यांची कम्युनिस्ट विचारांशी ओळख झाली आणि गिरणीत सोसलेल्या कष्टांचा अर्थ त्यांना नव्याने कळला. त्यानंतर ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत दाखल झाले. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना तिथेच मिळालं. चित्रपटाच्या दुनियेत मात्र ते फार रमले नाहीत. कम्युनिस्ट पक्षाचं काम आणि त्या कामासाठीचं गाणं हेच त्यांचं आयुष्य झालं.

अमर शेख यांनी काय बदललं, हे समजायला पोवाड्याची घडण पाहावी लागते. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा हा शिवकाळातला. तेव्हापासून पोवाडा प्रामुख्याने वीरांच्या पराक्रमाचं कथन करत आला. शाहीर पुढे उभा राहून प्रसंग सांगतो, हातातल्या डफावर थाप मारतो, मध्येच गद्यात बोलतो आणि पुन्हा चढ्या सुरात गाऊ लागतो. मागे उभे असलेले सुरते धृपद उचलतात आणि ‘जी जी जी’ची साथ देतात. तुणतुण्याची तार एकाच सुरावर सतत वाजत राहते. डफाचं कातडं गारठ्याने सैल पडलं, की ते शेकोटीच्या धगीवर धरून ताणून घ्यायचं, हा जुना रिवाज. ही सगळी रचना उघड्यावर जमलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत गोष्ट पोचावी म्हणून घडलेली आहे. धृपद वारंवार येतं, त्यामुळे ते समोरच्या गर्दीच्याही ओठी बसतं.

अमर शेख यांनी ही घडण मोडली नाही, तिच्यातला नायक बदलला. राजा आणि सरदार यांच्या जागी गिरणी कामगार, शेतमजूर, संपावरची माणसं आली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वाटेगावचे अण्णा भाऊ लेखणीचे धनी, गव्हाणकर स्वतः कवी आणि शाहीर, आणि अमर शेख यांचा आवाज पहाडी. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळी, मैदानं आणि कामगारांच्या सभा हा या पथकाचा रंगमंच होता.

या आवाजाची खरी कसोटी लागली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि मुंबईसह मराठी राज्याच्या मागणीने महाराष्ट्र ढवळून निघाला. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अमर शेख यांच्या गळ्यातून घराघरांत गेली. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाला गावी राहिलेल्या बायकोची आठवण येते, आणि तीच ताटातूट पुढे तुटलेल्या मराठी मुलखाची होते. नकाशा आणि ठराव यांची भाषा ज्याला परकी होती, त्याला हा विरह लगेच कळत होता. १ मे १९६० रोजी राज्य झालं, त्यामागे भाषणांइतकाच अशा गाण्यांचाही वाटा होता. गोवामुक्तीसाठीही अमर शेख गायले. १९६२च्या चिनी आक्रमणाच्या वेळी त्यांनी कार्यक्रम करून संरक्षणासाठी निधी गोळा केला.

ते नुसते गायक नव्हते. ‘अमरगीत’, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक. त्यांच्या कवितेत श्रमणाऱ्या माणसाबद्दलचा जिव्हाळा आहे, तसा मातीचा आणि आईचा ध्यासही आहे. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. क्रांतीची कविता चौकात उभं राहून मोठ्याने म्हणणाऱ्या रशियन कवीशी केलेली ही तुलना नेमकी होती, कारण अमर शेख यांचे शब्दही आधी कानासाठी आणि मग कागदासाठी होते. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी अभिनयही केला. त्यांचा विवाह कुसुम जयकर यांच्याशी झाला. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या. ‘सूर एका वादळाचा’ या पुस्तकातून त्यांनी वडिलांचं आयुष्य मांडलं आहे.

१९६९ हे वर्ष या परंपरेवर घाला घालणारं ठरलं. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेख यांचा मृत्यू झाला. ते अवघे ५२ वर्षांचे होते. संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटवणारे तीन आवाज अकरा आठवड्यांत थांबले. मुंबई विद्यापीठात आज शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. गिरणीतून आणि तुरुंगातून शिकलेल्या शाहिराच्या नावाने विद्यापीठात लोककलेचा अभ्यास होतो आहे.