प्राण्यांवर शस्त्रक्रियेचा सराव

- सुश्रुतसंहिता : सूत्रस्थानाचा ९ वा अध्याय सरावाचा. चिरण्यासाठी भोपळा, शिरा वेधण्यासाठी मेलेले जनावर, खरवडण्यासाठी केसाळ कातडे.
- जिवंत प्राणी : पूर्ण भूल देऊन वापर. रक्तस्राव थांबवणे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांसाठी मुख्यतः डुक्कर. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक.
- सुटे अवयव : कत्तलखान्यातून. मोतीबिंदूसाठी बकऱ्याचा डोळा, टाक्यांसाठी डुकराचा पाय. लहान गावातही मटणाच्या दुकानात मिळणारे बकऱ्याचे आतडे जोडणीच्या सरावाला चालते.
- तीन सूत्रे (१९५९, रसेल व बर्च) : पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा.
- कायदा : प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०. कलम १७ नुसार केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी प्राण्यांवरील प्रयोग शक्यतो टाळायचे.